मध्यंतराचा बुक्का

“माझी टोपी आणि छत्री द्या,” मिस्टर ट्रेहर्न म्हणाले. “मी घरी जातो.”

ते कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभे होते. अंगात पाद्र्याचा पायघोळ काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी आणि चेहरा त्या पट्टीसारखाच पांढरा. खाली रंगमंचावर रंगीत तालीम मध्येच थांबली होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून थोडी कुजबुज ऐकू आली, मग कुणीतरी तोही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला प्रयोग होता आणि तिकिटं सगळी गेलेली होती.

टोपी आणि छत्री माझ्या मागच्या खुंटीवरच होती. मी हात मागे नेला नाही.

“झगा थिएटरचा आहे,” मी म्हटलं. “तो घालून रस्त्यानं जाता येणार नाही तुम्हाला.”

त्यांनी मुकाट्यानं झगा काढून माझ्या हातात दिला.

“आणि याचं बटण लोंबतंय. तेवढं लावून होईपर्यंत बसा. झगा तुमच्या मापाचा आहे की नाही तेही मला बघायला हवं.”

बटण काही लोंबत नव्हतं. झगा हातात घेता घेता मीच कात्रीनं त्याचा दोरा उसवला होता. पळायला निघालेल्या माणसाला समजूत घालत बसू नये, आधी त्याला बसवावं, असं माझी आई म्हणायची. ते बसले. मी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो ओवायला जेवढा उशीर लावता येईल तेवढा लावला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावी राहत होतो. आमचे हे तिथल्या एका छापखान्यात यंत्रं सांभाळायचे. मुलगी शाळेत जायला लागली आणि दिवसभर घर मला खायला उठायचं, म्हणून मी शिवणकाम घ्यायला लागले. त्यातून गावच्या थिएटरात शिवणारीण झाले आणि पुढं नटांना कपडे चढवायचं, उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तिकडे प्रत्येक मोठ्या नटाला असं एक माणूस दिलेलं असतं. त्याच्या पायमोज्यांपासून त्याच्या रागालोभापर्यंत सगळं त्या माणसानं सांभाळायचं. माझ्या वाट्याला मिस्टर इव्हान ट्रेहर्न आले.

त्यांचं नाव मला नवं नव्हतं. वेल्सच्या खाणींच्या मुलखात जन्मलेला हा माणूस मिसरूड फुटायच्या आत एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर पळाला होता. भाला धरून मागं उभं राहण्यापासून सुरुवात केली आणि पुढं लंडनच्या रंगभूमीवर राजे झाले, मग सिनेमात समुद्री लुटारू, पोलीस इन्स्पेक्टर, युद्धातले कप्तान. त्यांचा पाणबुडीचा एक सिनेमा मी लग्नाआधी रत्नागिरीला पाहिला होता. पहिल्याच दिवशी मी त्यांना ते सांगितलं.

“त्यात मी शेवटी बुडतो की वाचतो?” त्यांनी विचारलं.

“बुडता.”

“मग तो माझाच. वाचायचं काम ते नेहमी दुसऱ्याला देत.”

असा हसरा माणूस. पण एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पुष्कळ वर्षांपूर्वी लंडनला भर प्रयोगात ते वाक्य विसरले होते. विसरतात सगळेच. पण ते विसरले, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग विंगेतून जे निघाले ते राजाच्या वेशात थेट रस्त्यावर आले, टॅक्सीला हात केला आणि घरी गेले. मुकुटासकट. त्यानंतर रंगमंचावर पाय ठेवला नाही. सिनेमात चुकलं तर कॅमेरा थांबतो, पुन्हा घेतात, म्हणून सिनेमाच करत राहिले. हळूहळू तेही आटलं. आजोबांच्या भूमिका उरल्या, पुढं त्याही कुणी विचारीना.

आणि आता सत्तरी उलटल्यावर त्यांनी हे नाटक घेतलं होतं. समुद्राकाठच्या एका बंद पडणाऱ्या चर्चच्या म्हाताऱ्या पाद्र्याचं. दुसऱ्या अंकात त्याचं शेवटचं प्रवचन होतं. रंगमंचावर दुसरं कुणी नाही, मदतीला कुणाचं वाक्य नाही, प्रेक्षकांकडे तोंड करून एकट्यानं बोलायचं. तालमीत ते दर वेळी नेमके तिथंच अडायचे. त्या दिवशी दिग्दर्शकानं त्यांना सरळ सांगितलं होतं की उद्या अडलात तर परवापासून राखीव नट उभा राहील, माझा इलाज नाही. त्या तरुण नटाला दाढी पांढरी करून बसवूनही ठेवलं होतं.

“त्या पोराला द्या झगा,” मिस्टर ट्रेहर्न म्हणाले. “उद्या हजार माणसांसमोर पळण्यापेक्षा आज दहा माणसांसमोर पळालेलं बरं. या वेळी गेलो तर पुन्हा कुणी मला दार उघडणार नाही, हे मलाही कळतं.”

मी गाठ मारली आणि म्हटलं, “माझे वडीलही एकदा विसरले होते.”

“ते नट होते?”

“कीर्तनकार होते.”

आता कीर्तन म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायचं म्हणजे मोठं संकट. मी सांगितलं की देवळात उत्सवाला माणसं दाटीवाटीनं बसतात. मध्ये उपरणं घेतलेला, हातात चिपळ्या घेतलेला एकच माणूस उभा. मागं पेटी, तबला, टाळ. तो एक पद धरतो आणि त्यावर बोलतो, गातो, हसवतो, रडवतो, मध्येच रावण होतो, मध्येच सीता होतो. कुठंही भटकला तरी फिरून त्या पदाच्या पहिल्या ओळीवर येतो. त्या ओळीला आम्ही ध्रुपद म्हणतो. अर्ध्यावर मध्यंतर होतं, तेव्हा लोक नाम घेतात आणि यजमान पुढं होऊन बुवांच्या गळ्यात हार घालतो, कपाळाला बुक्का लावतो. थोर माणसंसुद्धा त्या वेळी बुवांच्या पाया पडतात, मग बुवा वयानं पोरगा का असेना. कारण तो नारदाच्या गादीवर उभा असतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान.

रत्नागिरीकडच्या कोतवड्याच्या रामनवमीला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आख्यान अगदी ऐन रंगात आलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मी मागं टाळ घेऊन बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती. उपरण्याचं टोक त्यांनी उगाच दोनदा खांद्यावर टाकलं, त्यावरून मी ओळखलं. मग काय केलं त्यांनी? ध्रुपदावर आले. तीच ओळ, पुन्हा तीच, आणि हात वर करून लोकांना नामाच्या गजरात ओढलं. सगळं देऊळ उठून टाळ्या वाजवायला लागलं. तेवढ्यात त्यांना श्वास मिळाला आणि श्वासामागून आख्यान आलं. घरी आल्यावर आईनं विचारलं तर म्हणाले, “विसरलो होतो गं. पण गादीवर उभं राहिलं की आरती होईपर्यंत खाली उतरायचं नाही, एवढं आठवत होतं.”

मिस्टर ट्रेहर्ननी खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. मग म्हणाले, “माझ्या वडिलांना हे कळलं असतं.”

त्यांचे वडील खाणीच्या गावातल्या प्रार्थनाघरात उपदेशक होते. उपदेश साधा बोलून सुरू व्हायचा. पण शेवटाकडे आला की त्यांच्या आवाजात आपोआप सूर यायचा, वाक्यं गाण्यासारखी वर चढायची आणि समोर बसलेले काळ्या हातांचे खाणकामगार मधूनमधून ‘आमेन’ म्हणून त्याला ठेका द्यायचे. वेल्समध्ये त्या सुराला एक शब्द आहे, त्याचा अर्थ शिडात वारा भरणं. वडिलांची इच्छा होती की मुलानंही तिथंच उभं राहावं. मुलगा एका पहाटे नाटकवाल्यांच्या गाडीत बसून गेला.

माझ्या हातातली सुई थांबली. “म्हणजे तुमचे वडील कीर्तनकारच होते की.”

“आणि मी?”

“तुम्ही कीर्तनकाराचा पळून गेलेला मुलगा.”

ते मोठ्यानं हसले. त्या खोलीत ते आठवडाभरात हसले नव्हते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही करता का ते? उभं राहून?”

मी म्हटलं, छे, मी मागं बसणारी. अण्णांचं सगळं मला पाठ होतं, अजून आहे, पण पुढं उभं राहायचं म्हणजे वेगळी गोष्ट. आमच्याकडे आसपासच्या गावांत मिळून थोडी मराठी घरं होती, आणि बर्वेवहिनी दर वर्षी माझ्या मागं लागायच्या की रामनवमीला कीर्तन करा. मी दर वर्षी घसा बसल्याचं सांगायचे.

“दर वर्षी नेमका तेव्हाच बसतो?”

“इथली हवाच वाईट.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा टोपी आणि छत्री घेऊन निघालेल्याच,” ते म्हणाले. “फक्त तुमच्या झग्याचं बटण कुणी तोडलं नाही.”

त्यांनी पाहिलं होतं तर. मी खाली मान घालून दोरा दातानं तोडला आणि झगा पुढं केला. त्यांनी तो अंगात घातला आणि तालमीला खाली गेले. प्रवचन त्या दिवशी पुन्हा अडलं, पण घरी गेले नाहीत.

संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला तेव्हा देव्हाऱ्यातली अण्णांची बुक्क्याची डबी उचलून पर्समध्ये टाकली. लाकडी, झाकण जरा सैल झालेली. विमानात बसायच्या आदल्या दिवशी अण्णांनी ती माझ्या हातात ठेवली होती. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“थिएटरात बुक्का कशाला?”

“असू दे जवळ.”

“सांभाळ हो,” हे म्हणाले. “आधीच तो पाद्री आहे. त्याचा वारकरी करून पाठवशील.”

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग. तिकडे दुपारच्या प्रयोगाला बहुतेक म्हातारी मंडळी येतात, आणि मध्यंतरात त्यांना खुर्चीवरच चहाचे ट्रे देतात. त्या कपबशांचा किणकिणाट विंगेपर्यंत येतो. पहिला अंक सुरेख झाला. मी विंगेत हातात पाण्याचा पेला धरून उभी होते आणि माझ्या शेजारी उंच स्टुलावर मिस हॉलोवे बसल्या होत्या. सगळा प्रयोग चालवणारी ही बाई, समोर नाटकाची संहिता, बोट चालू ओळीवर. नट अडला तर पुढचा शब्द हळूच सांगायचं कामही त्यांचंच. हसणं त्यांना फारसं माहीत नव्हतं.

पडदा पडला आणि मिस्टर ट्रेहर्न खोलीत येऊन आरशासमोर बसले. मी पाणी दिलं.

“पहिलं वाक्य,” ते म्हणाले. “प्रवचनाचं पहिलं वाक्य काय आहे?”

“दार उघडं आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.”

“आणि दुसरं?”

मी दुसरं सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि लगेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आरशात ते माझ्याकडे बघताहेत असं वाटत होतं, पण नजर माझ्या मागच्या खुंटीवर होती.

आता त्या वेळी माझ्या मनात काय आलं हे मला नीट सांगता येणार नाही. मध्यंतर होतं. बाहेर माणसं बसली होती. आत एक म्हातारा माणूस थरथरत उत्तररंगाची वाट बघत होता. लहानपणापासून मी पाहत आले त्याप्रमाणे माझ्या हातांनी आपलं काम केलं. हार नव्हता. माझ्या गळ्यात माप घ्यायची पट्टी लोंबत होती, तीच काढून मी त्यांच्या गळ्यात घातली. डबी उघडून चिमूटभर बुक्का त्यांच्या कपाळाला लावला. आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

ते घाबरून उठले. “हे काय करताय तुम्ही?”

“तुमच्या पाया नाही पडले,” मी म्हटलं. “तुम्ही उभे आहात त्या जागेच्या पडले. आता आरती होईपर्यंत खाली उतरायचं नाही.”

“आणि ही पट्टी?”

“हार मिळाला नाही.”

ते आरशात स्वतःकडे बघून हसले, नाकानं वास घेतला आणि विचारलं की हा कसला सुगंध. मी सांगायच्या आत घंटा झाली आणि मिस हॉलोवे दारावर थापा मारायला लागल्या. मी घाईघाईनं गळ्यातली मापाची पट्टी ओढून काढली, झग्याची पांढरी पट्टी सरळ केली, केसांवरून ब्रश फिरवला. त्यांना जिन्यावरून खाली नेऊन विंगेत उभं केलं. पडदा उघडला, ते उजेडात गेले.

आणि तेव्हा मला कपाळ दिसलं.

भुवयांच्या मध्ये, अगदी ठसठशीत, काळंभोर. मागच्या रांगेतल्या आंधळ्यालाही दिसावं असं. मिस हॉलोवेंनी संहितेवरून मान वर केली.

“त्यांच्या कपाळाला काय लागलंय?”

“बुक्का,” मी म्हटलं.

“काय?”

“माझी चूक आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संध्याकाळी टोपी आणि छत्री मलाच मिळणार. पण आता काही करता येण्यासारखं नव्हतं. त्या पुन्हा ओळीवर बोट ठेवून बसल्या आणि मी मनात रामाचं नाव घ्यायला लागले.

प्रवचन सुरू झालं. दार उघडं आहे, ज्याला यायचं त्यानं यावं. आवाज चांगला लागला होता. पुढं तो पाद्री सांगतो की याच बाकांवर कोण कोण बसून गेलं, कुणाची लग्नं लागली, कुणाच्या बोटी परत आल्या नाहीत. कपबशा वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, निभलं.

आणि ते थांबले.

पहिल्यांदा वाटलं की भूमिकेतलंच थांबणं आहे. मग त्यांचा हात झग्यावरून खालीवर फिरायला लागला. अण्णांच्या उपरण्यासारखा. मिस हॉलोवेंनी पुढचे शब्द हळू सांगितले. मग जरा मोठ्यानं सांगितले. पहिल्या रांगेला ऐकू गेले असतील, पण त्यांना गेले नाहीत. भीतीनं कान बंद होतात माणसाचे. त्यांचे डोळे वळले, आमच्या विंगेकडे. आमच्याकडे नाही, आमच्या मागच्या दाराकडे. त्यांनी एक पाऊल टाकलं.

पलीकडे पांढऱ्या दाढीचं ते पोरगं दिग्दर्शकाशेजारी येऊन उभं राहिलं होतं. मिस हॉलोवेंचा हात पडद्याच्या बटणावर गेला.

मी त्यांचा हात धरला. का धरला, कुठून धैर्य आलं, रामाला ठाऊक. म्हटलं, “थांबा. एवढं एकदा थांबा.”

मिस्टर ट्रेहर्नना घाम फुटला होता. दिव्यांच्या उष्णतेनं बुक्का ओघळायला लागला असावा, कारण त्यांनी कपाळ पुसायला हात वर नेला. बोटं काळी झाली. त्यांनी बोटांकडे पाहिलं. मग नाकाजवळ नेली. उचललेलं पाऊल तसंच राहिलं, आणि मग ते मागं गेलं, होतं तिथं.

“दार उघडं आहे,” ते म्हणाले. “ज्याला यायचं त्यानं यावं.”

मिस हॉलोवेंचं बोट कागदावर वर धावलं आणि गोंधळून थांबलं. हे वाक्य तर मागं होऊन गेलं होतं.

“दार उघडं आहे,” ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज शेवटाला जरा वर गेला. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते बोलणं राहिलं नव्हतं. सूर होता तो. साधा, दोन-तीन स्वरांचा, दगडी घरांच्या आणि कोळशाच्या मुलखातला. त्या माणसानं घरातून पळाल्यापासून कधी तोंडातून काढला नव्हता असा. वाक्य वर चढायचं, थोडं थरथरायचं आणि खाली येऊन टेकायचं. काळ्या झालेल्या बोटांचा हात लोकांकडे उघडा पसरलेला.

वर, अगदी स्वस्त तिकिटांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “आमेन.”

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज होता, खरखरीत. वेल्सकडचा असावा. पोटातून आल्यासारखा आला. मग पुढून एका बाईचा. मग इकडून तिकडून, लाजत लाजत, इंग्रज माणसं देवळाबाहेर म्हणतात तितपतच, पण म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. कोतवड्याचं देऊळ उठून उभं राहिलं होतं, त्याच्यात आणि ह्याच्यात फरक एवढाच, की इथं टाळ नव्हते.

मिस्टर ट्रेहर्ननी तो आवाज ऐकला. खोल श्वास घेतलेला मला दिसला. शिडात वारा भरतो तसा झगा छातीवर फुगला. आणि पुढचं वाक्य आलं. त्याच्या मागं दुसरं आलं. मिस हॉलोवेंचं बोट ओळीवर लागलं आणि शेवटपर्यंत एकदाही अडलं नाही. मी डोळे पुसले तेव्हा कळलं की त्यांचा हात मी अजून धरलेलाच होता.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. पडदा पुन्हा उघडला, पडला, पुन्हा उघडला. बाकीचे नट आत आले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. मिस्टर ट्रेहर्न मात्र रंगमंचाच्या मध्यावर उभेच. दिग्दर्शक बोलावत होता, मिस हॉलोवे दिवे मालवायला सांगत होत्या. मी जवळ गेले तर खाली वाकून मला विचारतात कसे, “आरती झाली का?”

“झाली,” मी म्हटलं. “आता उतरा.”

तेव्हा कुठं उतरले.

दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात आलं की दुसऱ्या अंकात पाद्र्याच्या कपाळावर राखेचा ठिपका दाखवणं ही दिग्दर्शकाची मोठी मार्मिक कल्पना आहे. त्यांच्या धर्मात उपासाचे दिवस सुरू होताना कपाळाला तशी राख लावतात, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलंच नव्हतं. दिग्दर्शकानं ती कल्पना आपली नाही असं कुठं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मिस हॉलोवेंनी मला बोलावलं. मी नोकरी गेली असं धरूनच गेले. त्या म्हणाल्या की मध्यंतरात ती काळी पूड रोज लावायची, पण मापानं, आणि वाक्य तीनच वेळा म्हणायचं, चौथ्यांदा नाही, दिव्यांचा हिशेब चुकतो. मग जाता जाता म्हणाल्या, “आणि ती पट्टी गळ्यात घालता म्हणे. तीही घाला.”

नाटक महिनाभर चाललं, मग लंडनला गेलं. मिस्टर ट्रेहर्ननी त्यानंतर पुष्कळ कामं केली, नाटकातली आणि सिनेमातलीही. ते सगळं वर्तमानपत्रांत आलंय. पण शेवटच्या प्रयोगाच्या दुपारी टोपी आणि छत्री घेऊन ते निघाले, तेव्हा दारात थांबून मला म्हणाले ते कुठं आलेलं नाही.

“रामाचा वाढदिवस कधी असतो तुमच्याकडे?”

“चैत्रात. इथल्या एप्रिलच्या आसपास.”

“घसा जपा,” ते म्हणाले.

पुढच्या चैत्रात बर्वेवहिनींचा फोन आला आणि मी खोकायला तोंड उघडलं. समोर आमचे हे चहा पीत होते. त्यांनी काही न बोलता उठून खुंटीवरची माझी छत्री काढली आणि माझ्यापुढं टेबलावर ठेवली. मी सगळं सांगितलेलं होतं ना त्यांना. मी फोनवर हो म्हटलं.

चर्चच्याच एका सभागृहात कीर्तन झालं. लाकडी टेबलावर रामाची तसबीर, पेटीवर बर्व्यांचा थोरला, तबला कुणाला येत नव्हता म्हणून आमचे हे टाळ घेऊन मागं. वीस-पंचवीस माणसं, आणि पहिल्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून मिस्टर ट्रेहर्न. मी पत्र टाकलं होतं, तर दोन गाड्या बदलून आले होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पूर्वरंग मी कसा ओढला मला आठवत नाही. अण्णांची एकेक ओळ तोंडात कोरडी होत होती, आणि उत्तररंगाचा विचार केला की समोर नुसतं पांढरं दिसत होतं. माझी नजर सारखी दाराकडे जायला लागली.

मध्यंतर झालं. बर्वेवहिनी हार आणि अण्णांची बुक्क्याची डबी घेऊन पुढं आल्या. तेवढ्यात मिस्टर ट्रेहर्न उठले, त्यांनी वहिनींना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातातून ती लाकडी डबी मागून घेतली. सैल झाकण उघडलं. त्यांचा हात वयानं आता फारच कापत होता, त्यामुळं निम्मा बुक्का माझ्या नाकावर सांडला आणि पोरं हसली. मग तो एवढा मोठा, राजे झालेला, कप्तान होऊन बुडालेला माणूस गुडघ्यावर हात टेकत सावकाश वाकला आणि माझ्या पायांपाशी जमिनीला त्यानं बोटं लावली.

मी अवघडून मागं सरायला लागले.

“तुमच्या नाही,” ते इंग्रजीत म्हणाले, इतक्या हळू की मलाच ऐकू यावं. “जागेच्या. आता आरती होईपर्यंत खाली उतरायचं नाही.”

बुक्क्याच्या वासानं माझं सगळं डोकं भरून गेलं होतं. मी चिपळ्या उचलल्या, मागं वळून ह्यांना खूण केली आणि ध्रुपद धरलं.